धाकटीचं तेल

४ जानेवारी

आजी,

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस, म्हणून हे कागदावर लिहिते. वाचून कोण दाखवणार हे मला माहीत आहे. तरी लिहिते.

धाकटी आजारी आहे. सोमवारी सकाळी गाडी सुरू करून घराजवळच्या चौकात येते तोच आतला ऑइलचा लाल दिवा लागला. आरशात बघते तर मागे निळा धूर आणि त्या धुरात खोकणारा एक स्कूटरवाला. माझ्या एका म्हाताऱ्या पेशंटबाईंचे गुडघे वाकवायला निघाले होते, त्याऐवजी दोन अनोळखी माणसांबरोबर गाडी ढकलत कडेला घेतली.

गॅरेजवाल्याने तेलाची पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा काढली. कोरडी. म्हणाला, "ताई, इंजिन ऑइल पितंय. सगळं खोलून पिस्टनच्या रिंगा बदलाव्या लागतील. नाहीतर देऊन टाका. या वयात तिच्यावर एवढा खर्च कुणी करत नाही."

मला कळत नाहीये, आजी. तीन वर्षं गाडी माझ्याकडे आहे. सर्व्हिसिंगला ऑइल बदललं तेवढंच, मधे कधी थेंबभर घालावं लागलं नाही. आजोबांनी किल्ली देताना सांगितलं होतं, "इंजिन तेलाचा थेंब पीत नाही. आहे तसं ठेव." आणि या काही महिन्यांत मी त्याची वाट लावली. काय केलं मी, तेच सापडत नाही.

महिनाअखेरपर्यंत ठरवायचं आहे. दुरुस्त करू की देऊन टाकू? गाडी आजोबांची, तेव्हा तू म्हणशील ते.

घरात सगळ्यांना नमस्कार. ज्यांना नको असेल त्यांनी घेऊ नये.

तुझी,
टिटवी

◆

१२ जानेवारी

टिटवे,

आशीर्वाद. तुझं पत्र तुझ्या बापाने वाचून दाखवलं. शेवटची ओळ दोनदा वाचली. दुसऱ्यांदा मी वाच म्हटलं नव्हतं.

मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं, असं त्याला बजावलं आहे. छापखान्यात जन्मभर त्याने लोकांच्या मजकुरातल्या चुका काढल्या, माझ्या काढायच्या नाहीत. हेही लिही रे. लिहिलंस? वाच बघू.

(लेखनिक: लिहिलं आहे.)

बघ, स्वतःला लेखनिक म्हणतोय. लेकीला पत्र लिहितोय आणि जसा काही कोर्टात बसलाय.

आता धाकटीचं. ती दारात आली त्या दिवशी तुझ्या आजोबांनी तिचं नाव धाकटी ठेवलं, म्हणजे मी आपोआप थोरली झाले. विचारलं कुणी मला? दर रविवारी तिला अंघोळ, तिला साबण, तिला मऊ फडकं. माझी पाठ त्यांनी जन्मात एकदा चोळून दिली, तीही कंबर धरली म्हणून. आणि तू मला विचारतेस, सवतीला औषध द्यायचं का!

(लेखनिक विचारतो: निळा धूर सकाळी गाडी सुरू करताना येतो की चढावर, वेग घेताना? हे महत्त्वाचं आहे.)

हा कोण मधेच? माझ्या पत्रात स्वतःचं घोडं दामटतोय.

तर टिटवे, तुला गाडी द्यायची असेल तर दे, मी अडवणारी कोण. फक्त मला एवढं सांग, मग तू इकडे येणार कशात बसून? उन्हाळ्यानंतर तू आली नाहीस. का आली नाहीस ते मी विचारत नाही, मला माहीत आहे. तुम्ही दोघं त्या दिवशी स्वयंपाकघरात भांडलात तेव्हा मी झोपले नव्हते, नुसती पडले होते. म्हाताऱ्या माणसाने डोळे मिटले की घरातले सगळे मोकळे होतात.

आणि इंजिनाची वाट तू लावलीस हे आधी डोक्यातून काढ. धाकटीची खरी गोष्ट तुला सांगते. तुझा बाप

(लेखनिकाच्या पेनातली शाई संपली. पत्र इथे थांबवतो. आजींची प्रकृती उत्तम आहे.)

आजीचा अंगठा

◆

२० जानेवारी

आजी,

तुझा अंगठा मिळाला. वरचा मजकूरही मिळाला, जेवढा मिळू दिला तेवढा.

लेखनिकांना सांग: धूर सकाळी सुरू करताना येतो. एकदाच भकाभका येतो, मग थांबतो. चढावर येत नाही. शाई संपली असेल तर उत्तर द्यायची घाई नाही.

आजी, तू नुसती पडली होतीस तर सगळं ऐकलंच असशील. मी एवढंच म्हणाले होते की तू माझ्याकडे येऊन राहा, इथे डॉक्टर जवळ आहे, डोळ्याचं ऑपरेशन होऊन जाईल. त्यावर बाबा म्हणाले, मी सांभाळत नाही का? आणि मी म्हणाले, इथे तिची आबाळ होते. त्यानंतर ते जे गप्प झाले ते झाले. निघताना "सावकाश जा" सुद्धा म्हणाले नाहीत. आता माझ्या नावाने पत्र लिहितानाही ते लेखनिक असतात, आणि तू त्यांच्याबद्दल बोलायला लागलीस की त्यांची शाई संपते. कळलं मला. ज्या माणसाला माझ्याशी बोलायचंच नाही, त्याला दर महिन्याला जाऊन तोंड कशाला दाखवू?

गाडीचं मी ठरवलं आहे. सुट्या भागांसाठी गाड्या घेणारा एक माणूस आहे, तो महिनाअखेरीला येऊन घेऊन जाईल. आजोबांनी धडधाकट दिली होती, मला सांभाळता आली नाही, एवढंच त्यातलं खरं. माझ्या घरोघरच्या म्हाताऱ्यांकडे मी स्कूटरने जाईन. तुझ्याकडे बसने येईन, जमेल तेव्हा.

रागावू नकोस.

टिटवी

◆

२४ जानेवारी

टिटवे,

अक्षर बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. लिहिणारा बदललाय. तुझा बाप कामाला गेलाय आणि मी कोपऱ्यावरच्या बेकरीत पिठाच्या पोत्यावर बसून हे सांगते आहे. बेकरीवाली एका डोळ्याने भट्टी बघते, एका डोळ्याने कागद. म्हणाली, आजी, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. म्हटलं, लिही गं, मला पक्कंही वाचता येत नाही.

'जमेल तेव्हा' हे तू काय लिहिलंस? तुझ्या बापाने ते इतक्या हळू वाचलं की मला वाटलं कुणीतरी गेलं.

शाईबिई काही संपली नव्हती. मी सांगत होते आणि त्याने पेन खाली ठेवलं. मला म्हणाला, लिहून झालं. मी अडाणी, मी अंगठा दिला. शाईचं बोलणं मला तुझ्या उत्तरातून कळलं. तेव्हा आता कान देऊन ऐक, ही बाई मधे थांबणार नाही, तिला पाव काढायची घाई आहे.

धाकटी पहिल्यापासून तेल पिते. तुझ्या आजोबांच्या वेळेपासून. फक्त त्यांना ते माहीत नव्हतं. सगळ्या गल्लीला ऐकवत फिरायचे, माझं इंजिन तेलाचा थेंब पीत नाही. त्यांची पाठ वळली, ते अंघोळीला गेले, की तुझा बाप बनियनवर खाली उतरायचा, पट्टी बघायचा, लागेल तेवढं तेल ओतायचा आणि हात धुऊन पेपर वाचत बसायचा. म्हाताऱ्याचा एवढा एक अभिमान होता, तो कशाला मोडायचा, म्हणून. ते गेले तेव्हाही त्याच समाधानात गेले. मला कसं माहीत? त्याचे बनियन कोण धूत होतं!

त्यांनी तुला गाडी दिली त्यानंतरचं ऐक. तू महिन्यातून एकदा यायचीस, एवढं अंतर गाडी हाकून दमायचीस, दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत झोपायचीस. तेवढ्यात हा खाली जाऊन यायचा. तेलाचा डबा मोरीत फिनेलच्या बाटल्यांमागे आहे. अजून आहे. तुझ्या गाडीला मधे तेल लागलं नाही ते यामुळे. मग तू यायची थांबलीस आणि धाकटीला पाजायला कुणी राहिलं नाही. तू काही बिघडवलं नाहीस गं. तू नुसती आली नाहीस.

आता त्या 'आबाळ'चं. तो शब्द त्याच्या घशात अडकलाय. तेव्हापासून माझ्या दुधात चमचा घालून तीनदा बघतो, गरम आहे का, फार गरम आहे का. मी खोकले की दारात उभा. परवा दुपारी मी जरा गाढ झोपले तर नाकाशी हात धरून बघून गेला. मी एक डोळा उघडला तर बिचाऱ्याची कोण धांदल! माझी आबाळ अशीच चालू राहिली तर मी गुदमरून जाईन.

पण तूही अगदी खोटं बोलली नव्हतीस. ऑपरेशन त्याने दोनदा पुढे ढकललं. तुझी आई हॉस्पिटलात गेली ती परत घरी आली नाही, तेव्हापासून त्या पायऱ्यांपाशी गेला की तो मागे फिरतो. हे त्याला सांगता येत नाही. तुला दिसलं नाही. आणि मला तर हल्ली सगळंच धुरकट दिसतं.

गाडीचं मी काहीच सांगणार नाही. पण त्या माणसाच्या हवाली करण्याआधी विचार. मला नको विचारूस, त्याला विचार.

बाई म्हणते पाव करपतोय.

आजीचा अंगठा (मैदा लागलेला)

◆

२९ जानेवारी

बाबा,

हे पत्र तुमच्या नावाने आहे. आजीला वाचून दाखवायची गरज नाही. नाहीतरी ती बेकरीत जाऊन वाचून घेईल.

गाडी दिलेली नाही. त्या माणसाला थांबायला सांगितलं आहे.

तुम्ही सकाळी खाली जायचात हे मला माहीत नव्हतं. मी झोपलेली असायचे. निघताना तुम्ही फाटकाशी येऊन 'सावकाश जा' म्हणायचात आणि मला वाटायचं, महिन्यातून एकदा येते, तर यांना एवढंच बोलायचं असतं. मी तीन वर्षं त्यावर चिडत होते, बाबा. एवढ्या लांबच्या रस्त्यात तासभर तरी चिडून गाडी चालवायचे. तुम्ही घातलेल्या तेलावर.

आबाळ हा शब्द मी परत घेते. ऑपरेशनचं परत घेत नाही.

आजोबांना का सांगितलं नाहीत ते समजलं. मला का नाही सांगितलंत? मी काही त्यांच्यासारखी गल्लीभर मिरवत नव्हते.

आणि आता काय करू ते तुम्ही सांगा. खोलू की देऊ?

टिटवी

◆

३ फेब्रुवारी

टिटवी,

हा चौथा कागद. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक मला लांबून दिसते, स्वतःचा मजकूर मात्र सुचत नाही.

आधी सोपं लिहितो. खोलू नकोस आणि देऊही नकोस. धूर फक्त सकाळी एकदा येतो, चढावर येत नाही, म्हणजे रिंगा शाबूत असाव्यात. इंजिनात वरच्या बाजूला व्हॉल्व्ह असतात, त्यांना रबराची लहान सीलं असतात. ती जुनी होऊन कडक झाली आहेत. गाडी रात्रभर उभी राहिली की तिथून तेल खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. तेवढी सीलं बदलायची, एका दिवसाचं काम आहे. गॅरेजवाल्याला आधी कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, तपासायला सांग. ते चांगलं निघालं तर माझं म्हणणं बरोबर. नाही निघालं तर तो म्हणेल ते कर.

आता अवघड. तू विचारशील, एवढं माहीत होतं तर सीलं आधीच का बदलून दिली नाहीत. बदलता आली असती. तू गाडी घेतलीस त्याच आठवड्यात झालं असतं. पण तू यायचीस, तुझ्या आणि माझ्या आईच्या गप्पा रंगायच्या, हसण्याचा आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा. मी पाणी प्यायच्या निमित्ताने दोनदा येऊन जायचो. येऊन काय बोलायचं ते ठरवलेलं असायचं, पण तिथे आलो की नुसतं पाणी पिऊन परत. तुझी आई होती तेव्हा आपलं दोघांचं बोलणं तिच्यामार्फत व्हायचं. नंतर मला ते जमलं नाही. सकाळी तुझ्या गाडीत तेल घालणं जमत होतं. सीलं बदलली असती तर तेही राहिलं नसतं.

त्यापायी तू भर रस्त्यात अडकलीस. असं व्हायला नको होतं.

तेव्हा दुरुस्त करून घे.

ऑपरेशनची तारीख तू ठरव, तुझ्याच डॉक्टरकडे. आईला घेऊन मी येतो. हॉस्पिटलच्या दारापर्यंत येईन. आत यायचा आग्रह करू नकोस, मी बाहेर बाकावर बसेन.

तू स्कूटरने फिरतेस ते रात्री तरी नको.

बाबा

ता. क. आईने हे पत्र आधी ऐकवून घेतलं. म्हणते, 'पाणी प्यायच्या निमित्ताने' हे तिला तेव्हाच कळलं होतं, एवढी तहान कुणालाच लागत नाही.

◆

१ मार्च

बाळा,

आशीर्वाद. आज लेखनिक तुझी लेक आहे. अक्षर कोंबडीने पाय ओढल्यासारखं काढते, हे मला आता स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं आहे. (आजी, हे मी लिहिणार नाही. बरं, लिहिलं.)

डोळ्यावरची पट्टी काढून चार दिवस झाले. इथल्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या चादरीचा उसवलेला कोपरा दिसतो. तुझ्या लेकीच्या कानामागे एक पांढरा केस आहे. तिला सांगितला नव्हता, आता ती लिहितेच आहे म्हणजे कळला. भिंतींना रंग हवा आहे. एवढं सगळं दिसायला लागल्यावर माणसाने गप्प कसं बसावं?

तू लगेच दुसऱ्या दिवशी छापखान्याचं नाव काढून बसने पळालास. पोहोचल्याचं कळवलंस, बरं केलंस. आणि तिथे बाहेर बाकावरच बसलो होतो असं बेकरीवालीला सांगत सुटू नकोस. आत येऊन माझे मोजे कुणी सारखे केले? भूल डोळ्याला दिली होती, पायांना नाही. तुझा हात थंडगार होता. पण आलास. तुझ्या बायकोने पाहिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

आता मुद्द्याचं. आम्हाला आणायला येण्याआधीच पोरीने तू सांगितलंस तशी सीलं बदलून घेतली, हे तू पाहिलंसच. येताना अख्ख्या रस्त्यात गाडीने धुराची एक रेघ काढली नाही. मी मागे बसले होते, तुम्ही दोघं पुढे, आणि तुम्ही इंजिनाबद्दल इतकं बोललात की मला झोप लागली. चांगली झोप लागली.

तर तू गेलास आणि धाकटी पुन्हा धूर सोडायला लागली. आधीपेक्षा जास्त. पोरगी रडकुंडीला आली. गॅरेजवाल्याकडे नेली तर तो पट्टी बघतच राहिला. म्हणाला, "ताई, हिच्यात ऑइल केवढं आहे! वरच्या खुणेच्याही वर गेलंय. कुणी ओतलं?"

बाळा, तू निघालास त्या दिवशी सकाळी कुठे गेला होतास? मला म्हणालास, जरा पाय मोकळे करून येतो. तेलाचा डबा तू एवढ्या लांब पिशवीत घालून आणला होतास ना, माझ्या औषधांखाली? पट्टी तरी बघायचीस. इतक्या वर्षांची सवय, हात गेला आणि ओतलं. इंजिन दुरुस्त झालंय हे तुलाच ठाऊक, आणि तूच ओतून आलास.

तुझी लेक सांगते, तिथे गॅरेजात ती इतकी हसली की गॅरेजवाल्याने तिला स्टूल दिलं बसायला. मग हसता हसता डोळे पुसायला लागली. गॅरेजवाला म्हणाला, जास्तीचं काढावंच लागेल, नाहीतर इंजिन खराब होईल. काढा म्हणाली. आणि काढलेलं टाकून द्यायला निघाला तर याच मुलीने त्याच्या हातातून घेऊन बाटलीत भरून घरी आणलं. स्वयंपाकघरात, फळीवर, खायच्या तेलाशेजारी ठेवलंय! काल मी भाजी फोडणीला टाकायला गेले आणि तीच बाटली हातात आली. नवा डोळा होता म्हणून दोघी वाचलो.

(बाबा, मी ती बाटली आता गाडीत ठेवली आहे. टाकणार नाही.)

पुढच्या रविवारी तू मला न्यायला ये. इतके दिवस इथे राहिले, लाड पुरे झाले, मला माझ्या आबाळीत परत जायचं आहे. (आजी!) लिही, लिही. आणि हिने ठरवलं आहे की ती आपल्या दोघांना गाडीने सोडायला येणार आणि दोन दिवस राहणार. मी काही बोलले नाही, ती आपणहून म्हणाली.

आदल्या रात्री इथेच मुक्काम कर. येताना डबा आणू नकोस. सकाळी मात्र खाली जा, मी अडवत नाही. पण ही हल्ली लवकर उठते, तिलाही बरोबर घेऊन जा. आत करायला काही नसलं तरी चालेल. बॉनेट उघडून दोघं शेजारी उभे राहा, बोलायचं सुचलं तर बोला, नाही सुचलं तर नुसतं आत बघा. मी वर खिडकीत बसेन. तिथून मला आता सगळं स्वच्छ दिसतं.

आईचा अंगठा